छोट्या कलामहोत्सवाचे व्यवस्थापन : वरळीत शिकलेला एक धडा
(तृतीय वर्ष, कला शाखा)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त दरवर्षी येतो. ढाल कोणी जिंकली, पाहुण्यांनी कोणते उद्बोधक विचार मांडले, आभार कोणी मानले, हे सारे त्यात असते. पण खुर्च्या कोठून आल्या, वीज कोणाच्या मीटरवरून घेतली, परवानगीच्या अर्जासाठी कोण किती खेटे घालून आले, हे मात्र छापून येत नाही. प्रस्तुत लेखात मी या न छापल्या जाणाऱ्या भागाविषयीच लिहिणार आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या मराठी वाङ्मय मंडळातील चाळीस विद्यार्थ्यांनी वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दोन दिवसांचा छोटा कलामहोत्सव भरवला. मी त्याची कार्यवाह होते. 'महोत्सव यशस्वीरीत्या पार पडला' हे अहवालातले वाक्य माझ्याच हातचे आहे. ते वाक्य पूर्ण खरे नाही. कोठे आणि का खरे नाही, हे पुढच्या वर्षी हे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थी-मित्रांना कळावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

महोत्सव कोणासाठी?

पहिल्या बैठकीत आमच्या डोळ्यांसमोर 'काळा घोडा' होता. १९९९ पासून फोर्ट भागात भरणारा तो कलामहोत्सव आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. मोठमोठ्या कमानी, रंगीत मांडण्या, छायाचित्रे काढणारी गर्दी. तसेच काही आपणही करावे, असा आमचा उत्साह. आमच्या बाईंनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "बघायला कोण येणार आहे?" आम्ही गप्प झालो. कारण येणारे आम्हीच होतो.

त्या प्रश्नातून वरळी पुढे आली. वरळीत नेहरू सेंटर आहे, त्याचे सभागृह आणि कलादालन आहे. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर बी. डी. डी. चाळी आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने १९२० च्या दशकात त्या बांधल्या. चारही ठिकाणच्या मिळून २०७ चाळींपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. येथे गिरणी कामगार राहिला, आणि त्याने आपल्याबरोबर गावाकडचे भजन, डफ, तुणतुणे आणले. गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी त्याला रंगमंच दिला. १९५३ च्या कायद्यानंतर कामगार कल्याण केंद्रे उभी राहिली, त्यांच्या नाट्य आणि भजन स्पर्धांनी त्याला शिस्त दिली. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धाही सुरू झाली. म्हणजे आम्ही वरळीत 'कला घेऊन' जात होतो, असे म्हणणे हास्यास्पदच होते. कला तेथे आधीपासून होती.

ती पाहायला आम्ही गेलो आणि आम्हांला एक शाहिरी पथक भेटले. सातजण, सारे साठी ओलांडलेले. तरुणपणी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांचे काम गेले, पण गाणे राहिले. मात्र पुनर्विकासासाठी त्यांची चाळ रिकामी झाली तेव्हा पथकही पांगले. दोघे संक्रमण शिबिरात, एकजण विरारला मुलाकडे, एकजण बदलापूरला, तिघे शेजारच्या अजून उभ्या असलेल्या चाळीत भाड्याने. दोन वर्षांत सातही जण एकत्र गायले नव्हते. त्यांचे म्होरके (त्यांना सगळे नाना म्हणतात) म्हणाले, "तुम्ही बोलावताय तर येतील सगळे. पण पोरी, वेळ नक्की सांग. लांबून यायचं असतं माणसांना."

मी वेळ नक्की सांगितली. पहिला दिवस, रात्री आठ वाजून दहा मिनिटे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

जागा

छोट्या महोत्सवाला मोठे नाट्यगृह लागत नाही, हे मराठी रंगभूमीने फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'आविष्कार' या संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. शाळेच्या एका साध्या सभागृहाचे नाव पुढे 'छबिलदास चळवळ' म्हणून इतिहासात गेले. त्या इतिहासात अरविंद व सुलभा देशपांडे यांची नावे आपण वाचतो. परंतु वर्षानुवर्षे पडद्यामागची व्यवस्था सांभाळणारे अरुण काकडे (२०१९ मध्ये त्यांचे निधन झाले) यांचे नाव व्यवस्थापन शिकणाऱ्याने आधी वाचावे. नाटक लिहिणारा आणि करणारा पुष्कळदा सापडतो. ते पुन्हा पुन्हा, वर्षामागून वर्षे होत राहील असे पाहणारा क्वचित सापडतो.

परदेशातही हेच दिसते. १९४७ मध्ये एडिंबरो येथे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था आपणहून तेथे गेल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. त्यातून 'फ्रिंज' नावाचा वेगळाच महोत्सव जन्माला आला. जागा मिळत नाही, ही तक्रार फार काळ टिकत नाही.

आम्ही दोन चाळींच्या मधली मोकळी जागा निवडली. तेथील उत्सव मंडळाने होकार दिला. जागा पाहण्याचा एक नियम आम्ही येथे शिकलो. ज्या वेळी कार्यक्रम असेल त्याच वेळी जागा पाहावी. सकाळी अकराला ओस असणारी ती जागा संध्याकाळी सातला मुलांच्या क्रिकेटची, दुचाक्यांची आणि दळण घेऊन जाणाऱ्यांची असते. तळमजल्यावरच्या एका खिडकीमागे अंथरुणाला खिळलेले आजोबा होते. त्यांच्या नातवाने आम्हांला ते सांगितले, म्हणून कर्ण्यांची तोंडे आम्ही विरुद्ध बाजूस वळवली. सकाळी गेलो असतो, तर नातू भेटलाच नसता.

दुसरा प्रश्न विजेचा. आम्ही उत्साहाने एक हजार वॅटचे आठ दिवे लिहून ठेवले होते. एका वायरमनकाकांनी वहीच्या कोपऱ्यावर हिशेब मांडून दाखवला. आठ हजार वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर. मंडळाच्या साध्या जोडणीला हा भार सोसणारा नव्हता. एकतर बेस्टकडून तात्पुरती जोडणी घ्यायची, नाहीतर दिवे बदलायचे. आम्ही एलईडी दिवे घेतले आणि भार एक हजार वॅटच्या आत आणला. पदार्थविज्ञान शाळेत सोडून आलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ओहम् साहेब असे चाळीत भेटले.

परवानग्या

परवानगी म्हणजे सरकारी त्रास, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक परवानगी म्हणजे कोणाच्या तरी हक्काची आठवण असते. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा, तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी. दुसरा हक्क लेखकाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेतल्या प्रयोगाला सवलत आहे, परंतु ती प्रेक्षक म्हणून तेथीलच विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी असतील तेव्हाची. चाळीतल्या प्रेक्षकांसमोर नाटक करताना त्या सवलतीचा आधार घेता येत नाही. आम्ही लेखकाची लेखी परवानगी घेतली. तिसरा हक्क शेजाऱ्याचा, आणि त्यासाठी पोलीस ठाण्याकडून ध्वनिक्षेपकाची परवानगी.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आमचे दोन दिवस त्या यादीत नव्हते. परवानगीच्या कागदावर 'रात्री १० पर्यंत' असे स्वच्छ लिहिलेले होते. तो कागद मीच आणला आणि फाइलला लावला. नियम ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची मला सोय नाही.

अंदाजपत्रक

जमेची बाजू अशी : महाविद्यालयाकडून १५,००० रुपये, चाळीस विद्यार्थ्यांची प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी ४,०००, आणि स्मरणिकेतल्या अकरा जाहिरातींचे ११,०००. एकूण ३०,०००.

खर्चाची बाजू : ध्वनी ८,०००, प्रकाश ६,५००, मंडप व खुर्च्या ५,०००, छपाई २,५००, चहा-नाश्ता ३,०००, कलावंतांचे मानधन ३,०००, आकस्मिक २,०००. एकूण ३०,०००.

जमाखर्च जुळला म्हणून आम्ही खूश होतो. बाईंनी कागद पाहिला आणि विचारले, "मानधन आणि चहा सारखाच?" मग म्हणाल्या, "मंडपवाला उधार ठेवत नाही, म्हणून त्याला आधी लिहिलंत. कलावंत मागत नाही, म्हणून त्याला उरलेलं दिलंत." ते खरे होते. आम्ही सर्व खर्च मांडून जे शिल्लक राहिले, त्याला मानधन असे नाव दिले होते. आम्ही चहा-नाश्त्यातून हजार आणि छपाईतून पाचशे कमी करून मानधन ४,५०० केले. सातजणांच्या मानाने ते थोडेच होते. पण वहीत त्याची ओळ पहिली आली.

वेळापत्रक

पहिल्या दिवसाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू व्हायचा होता. प्रास्ताविक आणि पाहुण्यांचे मनोगत १० मिनिटे, समूहगीत १०, एकांकिका ४५, नृत्य १५, काव्यवाचन २०. एकूण शंभर मिनिटे. म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांनी शाहिरी पथक, ते ४५ मिनिटे. पाच मिनिटे कमी नऊला समाप्ती. दहाच्या मर्यादेला तासाभराहून अधिक अवधी शिल्लक. कागदावर याहून सुरक्षित वेळापत्रक नसेल. शाहिरी शेवटी ठेवली, कारण सगळ्यांत रंगणारा कार्यक्रम शेवटी ठेवला की प्रेक्षक उठत नाहीत, असे आम्ही ऐकले होते.

प्रत्यक्षात काय झाले ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहून काढले. पाहुण्यांची वाट पाहण्यात ३५ मिनिटे गेली. दहा मिनिटांचे मनोगत ३५ मिनिटे चालले, म्हणजे वाढीव २५. एकांकिकेचे नेपथ्य लावायला १५. एकांकिका ५ मिनिटे लांबली. नेपथ्य काढायला १०. नृत्याचे गाणे दुसऱ्याच पेनड्राइव्हमध्ये होते, ते शोधायला ५. शाहिरांसाठी ध्वनिक्षेपक मांडायला ३. बेरीज ९८ मिनिटे.

नाना रंगमंचावर आले तेव्हा पाच मिनिटे कमी दहा झाली नव्हती, एवढेच. घड्याळात ९ वाजून ४८ मिनिटे झाली होती. ते सातहीजण साडेसातपासून मंडपामागे बसून होते. डफ पुन्हा पुन्हा शेकत होते, कारण हवेत गारवा होता आणि कातडे उतरत होते. गण झाला. पोवाड्याची सुरुवात झाली. खिडक्यांतून माणसे डोकावली, खाली उतरली, दीडशे खुर्च्या भरून बाजूला उभी राहिली. दिवसभरात प्रथमच ती जागा आमची न राहता त्यांची झाली. झीलकऱ्यांनी सूर उचलला, आणि दारावरच्या हवालदारांनी माझ्याकडे पाहून मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवले. त्यांचे काहीही चुकले नव्हते. मी खूण केली. ध्वनिक्षेपक बंद झाला. बारा मिनिटे झाली होती.

मी नानांजवळ गेले. काय बोलावे सुचेना. ते ढोलकीवर गवसणी चढवायला मदत करत होते. एवढेच म्हणाले, "आमच्यात पोवाडा अर्ध्यात टाकत नाहीत, पोरी. असो. तुमचाही नाइलाज झाला."

नाइलाज झाला नव्हता. हेच मला या लेखात सांगायचे आहे.

अठ्ठ्याण्णव मिनिटांचा हिशेब

पाहुणे उशिरा आले, हे स्पष्टीकरण आम्ही आठवडाभर एकमेकांना दिले. आता आकडे पाहा. पाहुण्यांच्या नावावर फार तर ६० मिनिटे पडतात. तीही पूर्ण त्यांची नव्हेत. पाहुण्यांसाठी थांबायचे, हा निर्णय आमचा होता. समूहगीताने वेळेवर सुरुवात करून मनोगत नंतर घेता आले असते. पुढे बोलण्याची वेळ संपली आहे, ही चिठ्ठी त्यांच्या हाती द्यायला कोणी धजले नाही. उरलेली ३८ मिनिटे तर निर्विवाद आमची. त्यातली २८ केवळ नेपथ्य लावणे, काढणे आणि ध्वनिक्षेपक मांडणे यांची होती. ही कामे होणार हे सर्वांना माहीत होते, पण वेळापत्रकात त्यांची ओळच नव्हती. आम्ही रंगमंचावर दिसणाऱ्या गोष्टींना वेळ दिला. न दिसणाऱ्या गोष्टींना दिला नाही. मग त्यांनी तो आपला आपण घेतला.

आणि घेतला कोणाकडून? जो शेवटी होता त्याच्याकडून. कार्यक्रम लांबतो तेव्हा सर्वांना थोडे थोडे नुकसान होते, असे आपल्याला वाटते. तसे नसते. पाहुण्यांचे भाषण पूर्ण झाले, आमची एकांकिका पूर्ण झाली, आमच्या कविता पूर्ण झाल्या. आधीच्या सर्वांचा उशीर एकत्र होऊन रांगेतल्या शेवटच्या माणसावर पडतो. शेवटी कोणाला ठेवायचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ रंगतीचा नाही. ज्यांना दुसऱ्यांदा एकत्र येणे सर्वांत कठीण, त्यांना आम्ही शेवटी ठेवले होते.

दुसरा दिवस

त्या रात्री आकस्मिक खर्चाच्या दोन हजारांतून आम्ही विरार आणि बदलापूरच्या दोघांना टॅक्सीने दादर स्थानकावर सोडले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला पहिलाच कार्यक्रम त्यांचा ठेवतो, अशी विनंती केली. नाना 'बघतो' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघे आले. ढोलकीवाले काका रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत, त्यांनी आदल्या दिवसाचीच रजा मुश्किलीने मिळवली होती. दूरच्या दोघांना सलग दोन दिवस जमणारे नव्हते. चौथ्यांची तब्येत बिघडली होती. आम्ही ठीक साडेसहाला सुरुवात केली. समोर वीस-पंचवीस माणसे होती, पण थांबलो नाही. नानांनी डफ घेतला, एकाने तुणतुणे, एकाने झांज. झील धरायला माणसे कमी पडली, तेव्हा नानांनी आम्हां विद्यार्थ्यांना वर बोलावले. आम्ही झील धरली. सूर वर-खाली झाला, पण पोवाडा पूर्ण झाला. त्या दिवशीचा संपूर्ण कार्यक्रम नऊ वाजून पाच मिनिटांनी संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तरीही सातजणांचा तो पोवाडा, ढोलकीसह, पूर्ण असा आम्ही ऐकला नाही. पहिल्या रात्रीच्या बारा मिनिटांचे ध्वनिमुद्रणही आमच्याकडे नाही. कारण मुद्रणाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांत चार पिढ्या काढलेल्या माणसांना मोठे घर मिळावे, यात आनंदच आहे. पण नानांचे पथक त्यानंतरही पुन्हा एकत्र गायलेले नाही.

पुढच्यांसाठी

एवढ्या अनुभवातून आम्ही काही नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. ते असे :

१. महोत्सव कोणासाठी, याचे उत्तर एका वाक्यात लिहिता आले नाही, तर पुढचे काम सुरू करू नये.

२. जागा प्रयोगाच्या वेळी पाहावी, आणि शेजाऱ्यांना निमंत्रणापूर्वी भेटावे.

३. संहितेचे प्रमाणपत्र, लेखकाची संमती, ध्वनिक्षेपकाची परवानगी या क्रमाने कामाला लागावे. परवानगीतली अंतिम वेळ प्रत्येक स्वयंसेवकाच्या हातातील कागदावर लाल शाईने लिहावी.

४. अंदाजपत्रकात मानधनाची ओळ पहिली असावी.

५. क्रमपत्रिका प्रेक्षकांसाठी असते. कार्यकर्त्यांसाठी वेगळा तक्ता करावा. त्यात प्रत्येक बदलाची मिनिटे, प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव असावे. 'सगळे मिळून बघू' असे लिहिलेले काम कोणीच पाहत नाही.

६. घड्याळ सांभाळणारा एक माणूस नेमावा, आणि त्याला पाहुण्यांनाही चिठ्ठी देण्याचा अधिकार सर्वांसमोर द्यावा.

७. जे दुरून आले आहेत, जे वयस्कर आहेत, जे पुन्हा सहज येऊ शकणार नाहीत, त्यांना आधी घ्यावे. आपले कार्यक्रम शेवटी ठेवावेत. कापायची वेळ आली, तर आपले कापता येतात.

व्यवस्थापन हा शब्द आपल्याला वाणिज्य शाखेचा वाटतो. कलेच्या विद्यार्थ्याने त्यात पडू नये, अशीही एक समजूत आहे. मला आता वाटते की महोत्सव म्हणजे दिलेल्या शब्दांची एक लांब माळ असते. मंडपवाल्याला पैशाचा शब्द, शेजाऱ्याला शांततेचा, लेखकाला मानाचा आणि कलावंताला वेळेचा. ते सारे शब्द लक्षात ठेवणे आणि पाळणे, यालाच व्यवस्थापन म्हणतात. मी आठ वाजून दहा मिनिटांचा शब्द दिला होता.

मागच्या महिन्यात मी वरळीला नानांकडे गेले. पुन्हा एकदा सातहीजणांना बोलवायचे आहे, म्हणाले. या वेळी दिवसा, रविवारी, दुसरा कोणताही कार्यक्रम न ठेवता. नाना हसले. म्हणाले, "वेळ तू सांगू नकोस. या खेपेला वेळ आम्ही सांगतो." मी वही उघडली आणि तारखेची जागा कोरी ठेवून खाली सात नावे लिहून घेतली.